मातीखालचं ऊन

दादाराव रामटेक्यांनी आपली सगळी नोकरी बल्लारपूरच्या कोळसा खाणीत केली. आधी कोळसा भरणारे लोडर म्हणून, मग परीक्षा देऊन मायनिंग सरदार म्हणून. सरदार म्हणजे शिफ्टच्या आधी खाली उतरून छत तपासणारा, हवा आणि गॅस पाहणारा माणूस. त्यानं हो म्हटलं की मगच बाकीच्यांनी आत जायचं. निवृत्तीच्या दिवशी ते शेवटचे वर आले, उन्हात उभे राहिले आणि सत्काराचा हार गळ्यात असतानाच बायकोला म्हणाले, "सरला, आता जमिनीखाली पाऊल ठेवणार नाही." बोलले तसे वागलेही. नागपुरात सीताबर्डीवर चपलांचं एक चांगलं दुकान तळघरात होतं. सरलाबाई खाली गेल्या आणि हे रस्त्यावर उभे राहून वरूनच पायाचं माप सांगत राहिले.

सरलाबाई गेल्यावर एकुलत्या एका लेकीनं, उपासनानं, त्यांना कायमचं अमेरिकेला बोलावून घेतलं. ती पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेजला राहायची. स्ट्रक्चरल इंजिनिअर होती. पुलांची आणि डोंगर कापून काढलेल्या रस्त्यांच्या भिंतींची डिझाइन्स करायची. जावई अनुप युनिव्हर्सिटीत मातीवर संशोधन करायचा आणि नात आन्या हायस्कूलला होती. दादारावांचं तिथं बरं चाललं होतं. सकाळी बुद्धवंदना, मग कॅम्पसच्या बसनं एक फेरी, दुपारी पेपर. फक्त त्या घराला बेसमेंट होतं आणि कपडे धुवायचं मशीन खाली होतं, म्हणून आपले कपडे ते न्हाणीघरात हातानं धुवायचे. कोणी त्यावर कधी काही बोललं नाही.

मग एका रविवारी जेवणं आटोपल्यावर उपासनानं टेबलावर एक मोठं ड्रॉइंग पसरलं. शहराच्या पूर्वेला, पेन्स व्हॅलीत, त्यांनी जमीन घेतल्याचं दादारावांना माहीत होतं. दक्षिणेकडे तोंड असलेला एक लांब, गवताळ उतार, वरच्या अंगाला अक्रोडाची झाडं. आज घराचा नकाशा बघायला मिळणार म्हणून ते चष्मा पुसून खुर्ची ओढून बसले. बराच वेळ त्यांनी कागद पाहिला.

"याचं छप्पर कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"तो उतार आहे ना, तेच छप्पर," उपासना म्हणाली. "घर डोंगराच्या आत जाणार, बाबा. पुढची बाजू पूर्ण काचेची. बाकी तिन्ही बाजूंना आणि वर माती."

दादाराव उठले, कोट घातला आणि बाहेर पडले. पुढचे काही दिवस ते घरात मोजकंच बोलले. अनुपनं समजवायचा प्रयत्न केला, की इकडं अशी घरं असतात, थंडीत गरम आणि उन्हाळ्यात गार राहतात, वादळात हलत नाहीत. ते ऐकून घेत, मान डोलवत आणि विषय बदलत. शेवटी उपासनाच त्यांच्या खोलीत येऊन पलंगावर बसली. तेव्हा ते बोलले.

"मी खाली गेलो तो तू वर राहावी म्हणून. तुझी फी त्या अंधारातून आली. अन् आता तू आपल्या हौसेनं माझ्या नातीला मातीत नेऊन ठेवतेस. काहून?"

उपासनाकडे उत्तर होतं, पण तिनं ते दिलं नाही. ती एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही एकदा ड्रॉइंग चेक करा. माझे बाबा म्हणून नाही, सरदार म्हणून. तुम्ही 'आत जाऊ नका' म्हणालात तर आम्ही जाणार नाही. प्लॅन कॅन्सल."

हे बोलणं त्यांना टाळता येईना. आयुष्यभर याच एका शब्दावर माणसं त्यांच्या मागून चालली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलावरचं बाकीचं सामान हलवलं, दिवा जवळ ओढला आणि लेकीला समोर बसवलं. आधी छताचं विचारलं. किती जाड, सळ्या कशा, वर माती किती, ती पावसानं भिजली तर वजन किती, त्यावर बर्फ साचलं तर किती. उपासनानं आकडे सांगितले आणि त्याच्या दुप्पट भार धरल्याचं दाखवलं. मग पाण्याचं. खाणीत पाणी छताहून वाईट, कारण ते न सांगता येतं. तिनं दाखवलं, की भिंतीला बाहेरून रबरासारखं जाड आवरण, त्यावर फोमचे थर, त्याबाहेर खडी, आणि खडीच्या तळाशी पाणी उताराकडे वाहून नेणारे पाइप. भिंतीपाशी पाणी थांबणारच नाही. मग हवेचं. आतली हवा बाहेर टाकून बाहेरची आत घेणारं यंत्र होतं, आणि जाणारी हवा आपली ऊब येणाऱ्या हवेला देऊन जाणार होती. मग त्यांनी जरा थांबून गॅसचं विचारलं. तिनं जमिनीखालून निघून थेट वर गेलेल्या एका पाइपवर बोट ठेवलं. इकडच्या खडकातून रेडॉन नावाचा वायू येतो, त्याला वास नाही, रंग नाही. तो घरात शिरायच्या आधीच इथून बाहेर जाईल, असं तिनं सांगितलं.

"दुसरी वाट?" दादारावांनी शेवटचं विचारलं. एकच तोंड असलेल्या खाणीत माणसं उतरवत नाहीत.

मागच्या बाजूला, झोपायच्या खोल्यांच्या मधून, वर गवतात उघडणारा एक रुंद जिना होता. त्याच्यावर काच होती, म्हणजे तिथूनही उजेड येणार.

दादाराव मागं टेकले. ही सगळी त्यांची स्वतःची भीती होती, वर्षानुवर्षं मनात बाळगलेली, आणि लेकीनं ती एकेक करून आधीच कागदावर उतरवून तिचं उत्तर शेजारी काढून ठेवलं होतं. तिला हे कोणी सांगितलं असेल? त्यांनी तर घरी खाणीचं कधी नाव काढलं नव्हतं. नाही म्हणायला त्यांना काही सापडलं नाही. तरी ते म्हणाले, "कागदावर कोणाचंच छत पडत नाही."

"मग साइटवर या," उपासना म्हणाली.

एप्रिलमध्ये खोदाई सुरू झाली. अजून पहाटे गवतावर पांढरं दहिवर पडत होतं. खोदायचं मशीन चालवायला लेरॉय यॉडर नावाचा गृहस्थ आला होता, त्याच खोऱ्यातला, पिकल्या दाढीचा, फार न बोलणारा. दादारावांसाठी अनुपनं अक्रोडाखाली घडीची खुर्ची मांडली, थर्मासमध्ये चहा भरून दिला. लेरॉयच्या मशीननं पहिल्यांदा गवताची कातडी सोलून बाजूला ठेवली, ती शेवटी परत अंथरायची होती. मग काळी माती आली, मग तांबडी चिकणमाती, मग करडे खडे. दादारावांनी जन्मभर जमीन आतून पाहिली होती, दिव्याच्या हातभर उजेडात. सगळा डोंगर असा उन्हात कापून उघडा ठेवलेला ते पहिल्यांदा पाहत होते, आणि त्यात इतके रंग असतात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

खोदाई खडकाशी पोचली त्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी होती. मशीनचा पंजा एका दगडाखाली गेला, दगड उचलला गेला आणि त्या जागी एक काळं भोक राहिलं. लेरॉयनं मशीन बंद केलं. भोकातून वाफ निघत होती. धूर नव्हे, वाफ. संथ, पांढरी, माणसानं थंडीत सोडलेल्या श्वासासारखी. ती वर येत होती, उन्हात चमकत होती आणि विरत होती. लेरॉय खाली उतरला आणि त्यानं डोक्यावरची हॅट काढून हातात धरली. कोणी त्याला तसं करायला सांगितलं नव्हतं.

उपासनानं सगळ्यांना मागं घेतलं. जमीन घेतल्यावर तिनं तिथं बोअर मारून पाहिले होते, आणि सगळे पक्क्या दगडात गेले होते. पोकळी नेमकी त्यांच्या मधून गेलेली. चुनखडीच्या प्रदेशात असं होतं, पाणी हजारो वर्षं दगड विरघळवत राहतं. अनुप युनिव्हर्सिटीतून त्याच्या ओळखीच्या भूगर्भतज्ज्ञ बाईंना घेऊन आला, देवयानी नावाच्या. त्या मूळच्या पुण्याच्या. कमरेला दोर बांधून, कडा पक्की असल्याची खात्री करून, त्यांनी आत दिवा सोडला आणि पालथं पडून पाहिलं. बराच वेळ त्या उठल्याच नाहीत. मग मान वळवून म्हणाल्या, "काका, तुम्ही मायनिंगमध्ये होता ना? बघा तरी."

दादाराव दोन पावलं मागं सरले. पण सगळे त्यांच्याकडे पाहत होते आणि भोकातून ती वाफ येत होती, उबदार, कोळशाचा किंवा बारुदाचा वास नसलेली. नुसत्या ओल्या दगडाचा वास. त्यांनी दोर बांधून घेतला, आयुष्यात पुन्हा एकदा पोटावर झोपले आणि आत डोकावले.

खाणीतला काळोख उजेड खातो. दिवा कितीही मोठा असो, कोळसा तो गिळून टाकतो आणि माणसाला फक्त समोरच्याचे दात आणि डोळे दिसतात. इथं देवयानींचा एक लहानसा दिवा दोरीला लोंबत होता आणि सगळी गुहा उजळली होती. छतावरून पांढऱ्या, मधाळ रंगाच्या कांड्या खाली आल्या होत्या, काही दाभणाएवढ्या बारीक, काही केळीच्या सोटाएवढ्या. प्रत्येकीच्या टोकाला पाण्याचा एक थेंब. भिंती वितळून गोठल्यासारख्या चुण्यांच्या. खाली तळाशी पाणी होतं. इतकं स्वच्छ, की एक थेंब पडून वर्तुळं उठली तेव्हाच ते पाणी असल्याचं त्यांना कळलं. थेंबाचा तो आवाज गुहेत फिरून वर आला.

दादारावांच्या मनात आलं, की आपण पृथ्वीचा एवढा मोठा भाग फोडला, उकरला, वाहून नेला, आणि तिच्या पोटात हेही असतं हे आपल्याला कोणी सांगितलं नाही. हे इथं होतं, कोणी पाहायला नसताना. माणूस नव्हता तेव्हाही तो थेंब असाच पडत होता. त्यांचे डोळे भरून आले आणि पालथं असल्यामुळं पाणी सरळ खाली, आत पडलं. त्यांना जरा ओशाळल्यासारखं झालं. अनुपनं दोन्ही काखांना धरून त्यांना मागं ओढलं. त्यांनी फक्त खुणेनं उपासनाला बोलावलं आणि भोकाकडे बोट दाखवलं, की जा, तूही पाहून ये.

इकडे लोक अशा वेळी काय करतात ते लेरॉयनं सांगितलं: भोकात दगड भरतात, वर काँक्रीट ओततात आणि काम पुढं नेतात. त्याला स्वतःला ते करायचं मन नव्हतं हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण घर दुसऱ्याचं होतं. उपासना गुहेच्या कडेशी उकिडवी बसून होती. तिनं त्या घराचं डिझाइन करण्यात दोन हिवाळे घातले होते. खोली न् खोली त्या जागेला धरून आखली होती.

"हे आपल्या आधीपासून इथं आहे," ती अखेर म्हणाली. "आपण सरकू."

मग जमिनीत बारीक वीज सोडून खालची पोकळी हुडकणारं यंत्र आलं. गुहा पूर्वेकडे जात होती. पश्चिमेकडे, अक्रोडांच्या पलीकडे, दगड सलग आणि भक्कम निघाला, आणि तिथं उताराचा कोन वेगळा असल्यामुळं उपासनानं सगळं घर पुन्हा काढलं. गुहेच्या तोंडाला जाळीचं दार बसवलं, हवा आणि वटवाघळं जातील येतील असं. दादारावांनी त्या दिवसांत लेकीला काम करताना पाहिलं. ती रागावली नाही, कंटाळली नाही. डोंगरानं तिला एक गोष्ट सांगितली होती आणि ती ऐकून ती पुढचं काम करत होती. खाणीत त्यांनी असे साहेब फार पाहिले नव्हते.

उन्हाळाभर घर उभं राहत होतं. सळ्यांचं जाळं, मग काँक्रीट, मग काँक्रीट मुरण्याची वाट पाहणं. दादाराव रोज खुर्चीवर असायचे, पण आत गेले नाहीत. आन्या एकदा म्हणाली, "आबा, टेक्निकली इट्स नॉट अंडरग्राउंड येट." वर माती नाही, म्हणजे त्यांचा नेम मोडत नाही, असं तिचं म्हणणं. दादाराव हसले, पण उठले नाहीत. माती पडल्यावर काय करायचं हा प्रश्न त्यांनी मनात पुढं ढकलून ठेवला होता.

सप्टेंबरच्या अखेरीस माती घालायचा दिवस आला. वरची झाडं पिवळी पडू लागली होती. आवरण बसलं होतं, फोम बसला होता, खडी पसरली होती. आता लेरॉय लहान मशीन घेऊन छतावर थरावर थर माती चढवणार होता, हलक्या हातानं, कडेकडून मध्याकडे. दादाराव खुर्चीतून उठून उभे राहिले. मशीनचा पहिला फावडा छतावर रिकामा झाला आणि मातीचा तो आवाज, वरून पडणाऱ्या मातीचा, त्यांच्या पाठीतून सरसरत गेला. त्यांनी उपासनाला शोधलं. ती दिसेना. अनुपला विचारलं, तर तो म्हणाला, "ती आत आहे, बाबा. गेज लावून बसली आहे. छत किती दबतं ते बघायचं असतं."

खालून पाहता यावं म्हणून तिनं खोलीच्या मध्यावर एक खांब उभा करून त्याच्या टोकाला काटा फिरणारं मीटर लावलं होतं. वर माती पडत होती आणि खाली त्यांची लेक एकटी उभी राहून वर पाहत होती.

दादारावांनी अक्रोडाची एक वाळकी फांदी उचलली. ती काठी का उचलली हे त्यांना ठाऊक नव्हतं. मग ते चालू लागले, काचेच्या बाजूच्या मोकळ्या चौकटीतून सरळ आत. आत गेल्यावर हाताला आपोआप जुनी सवय आठवली. त्यांनी काठी वर करून छतावर ठोकलं, कान देऊन ऐकलं, चार पावलं पुढं जाऊन पुन्हा ठोकलं. पोकळ आवाज आला तर छत सुटलेलं असतं. इथं प्रत्येक ठोक्याला भरीव, आखूड आवाज येत होता. सगळीकडे एकच. असं ठोकत ठोकत ते लेकीजवळ जाऊन पोचले.

उपासनानं त्यांना पाहिलं आणि हसू दाबलं. "केसाएवढं पण नाही दबलं," ती म्हणाली.

ते तिच्याशेजारी उभे राहिले. वर मशीन फिरत होतं, त्याची घरघर काँक्रीटमधून खाली येत होती. बोलायची इच्छा नव्हती, पण तोंडातून निघालं. पत्रू मेश्रामबद्दल त्यांनी लेकीला कधी सांगितलं नव्हतं, ते आता सांगितलं. पत्रू त्यांचा जोडीदार, लोडरच्या दिवसांपासूनचा. छत ठोकून दादारावांनी जागा बरोबर असल्याचं सांगितलं होतं, आणि खरंच ती जागा बरोबर होती. पत्रू पाणी प्यायला दुसऱ्या बाजूला गेला, अजून तपासायच्या राहिलेल्या भागात, आणि तिथं छत खाली आलं. चूक कोणाचीच नव्हती. पण त्या दिवसापासून त्यांना डोक्यावर माती आहे ही जाणीव कधी विसरता आली नाही, घरी कौलांखाली झोपतानासुद्धा.

उपासना त्यांच्या जवळ सरकली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही विचारलं होतं ना, काहून म्हणून. मी लहान होते. मे महिना होता. तुम्ही आम्हाला भद्रावतीला विजासन लेणी बघायला नेलं होतं."

त्यांना अंधूक आठवलं. चंद्रपूरकडचा मे, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं.

"बाहेर उभं राहवत नव्हतं. आत गेलो तर थंडगार. तो लांब बोळ, आणि शेवटी बसलेले बुद्ध. आई मेणबत्ती लावत होती. आणि तुम्ही भिंतीला टेकून बसलात, आणि झोपलात. म्हणजे पूर्ण झोपलात, तोंड उघडं. तुम्हाला असं झोपलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. घरी तुम्ही दचकून उठायचात. आई म्हणाली, उठवू नको बाबांना. आम्ही संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिलो." ती मीटरच्या काट्याकडे पाहत बोलत होती. "अख्खा डोंगर तुमच्या डोक्यावर होता, बाबा. मला तेव्हा कळलं नाही. पण इंजिनिअरिंगला गेले ते बहुतेक त्याच्यामुळं. मला तसं काहीतरी बनवता यायला हवं होतं."

दादारावांना लेणी आठवत होती, ऊन आठवत होतं, सरलाबाईंनी बांधून नेलेल्या भाकरी आठवत होत्या. आपण झोपलो होतो हे त्यांना मुळीच आठवत नव्हतं. झोपलेल्या माणसाला ते कसं आठवणार? एवढी वर्षं ते दृश्य लेकीनं एकटीनं जपलं होतं. दोन हजार वर्षांपूर्वी कोणी भिक्खूंसाठी तो दगड कोरला, आणि त्या गारव्यात एक दुपार एक खाणकामगार झोपला, आणि त्याच्या झोपेतून हे घर आलं. दादारावांनी छताकडे पाहिलं. त्यांना सगळं एकदम खूप मोठं वाटलं आणि आपण त्याच्या आत, नीट मावेल अशा जागी उभे आहोत असंही वाटलं.

वरची घरघर थांबली. लेरॉय कडेनं उतरून चौकटीपाशी आला आणि त्यानं सगळी माती पडल्याचं सांगितलं. दादाराव अजून आतच उभे होते.

डिसेंबरात सगळे राहायला गेले. गृहप्रवेशाला त्रिसरण, पंचशील झालं. पिट्सबर्गहून, मेरीलँडहून ओळखीची मंडळी गाड्या हाकत आली. येणारा प्रत्येक जण आधी वाट चुकल्यासारखा उतारावर इकडेतिकडे बघायचा, कारण वरून नुसतं गवत होतं. मग वळसा घालून पुढं आला की ती लांब काचेची भिंत दिसायची आणि माणूस बोलता बोलता थांबायचा. आत शिरल्यावर लोक आपोआप हळू आवाजात बोलत. रवी नावाचा एक तरुण सॉफ्टवेअरवाला आत फिरून आला आणि उपासनाला म्हणाला, "काकू, मला वाटलं होतं बेसमेंटसारखं असेल. यार, इथं तर आमच्या अपार्टमेंटपेक्षा जास्त उजेड आहे."

खरंच होता. उन्हाळ्यात वर चढलेला सूर्य पुढच्या वळचणीला अडत असे. आता तो खाली उतरला होता आणि दुपारी त्याचं ऊन काचेतून शिरून फरशीवरून चालत थेट मागच्या भिंतीपर्यंत जायचं. जाड काँक्रीट ते पिऊन घ्यायचं आणि संध्याकाळभर हळूहळू परत द्यायचं. दादारावांची खोली पुढं होती. भिंतीवर बुद्धाची छोटी मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, शेजारी सरलाबाईंचा. पहिले काही दिवस ते पलंगावर पडून वर पाहत राहत, कान लावून. वर काहीच नसायचं. माती गप्प होती. पत्र्याच्या, कौलांच्या, लाकडाच्या कुठल्याही छताखाली त्यांनी इतकी शांतता ऐकली नव्हती. मग एका दुपारी ते पेपर वाचता वाचता झोपले, आणि जागे झाले तेव्हा ऊन त्यांच्या पायांवरून भिंतीवर गेलेलं होतं. आपण जागे होण्याआधी दचकलो नाही, हे त्यांच्या बऱ्याच वेळानं लक्षात आलं.

जानेवारीत बर्फाचं वादळ आलं. आधी पाऊस, मग तो पडता पडता गोठू लागला, आणि सगळ्या खोऱ्यात तारा तुटल्या, झाडं मोडून रस्त्यांवर पडली. यातलं घरात काही ऐकू आलं नाही. सकाळी फ्रिजचा आवाज येईना म्हणून अनुपनं फोन उघडून पाहिला, तेव्हा कळलं की अर्ध्या काउंटीत वीज नाही आणि लोकांना शाळांच्या हॉलमध्ये हलवत आहेत. उपासनानं भिंतीवरचं थर्मामीटर पाहिलं. बाहेर उणे बरंच होतं. आत रात्रभर हीटरशिवाय घर जेमतेम एखाद दुसरी डिग्री उतरलं होतं. हवेचं यंत्र बंद होतं, म्हणून तिनं वरच्या जिन्याची काच जराशी उघडली आणि गॅसवर चहा ठेवला. दादाराव स्वेटरवर होते, शालही घेतली नव्हती. ते भोवतालच्या मातीचा विचार करत होते. बाहेर एवढं थैमान चाललेलं असताना काही हातांवर, घराच्या भिंतीपलीकडे, ती तशीच होती. तिला जानेवारी ठाऊक नव्हता. लेकीनं फक्त तिच्या कुशीत शिरून दार लावून घेतलं होतं.

दहाच्या सुमाराला ढग फाटले आणि ऊन पडलं. उपासना म्हणाली, छतावर मोडलेली फांदी वगैरे पडली आहे का बघून येते. दादाराव बूट घालून तिच्याबरोबर निघाले. घराच्या कडेनं उतार चढून ते वर आले आणि दोघंही उभे राहिले.

सगळं खोरं काचेचं झालं होतं. प्रत्येक फांदी, प्रत्येक काडी, कुंपणाची तार, वाळलेल्या गवताचं पातं न् पातं बर्फाच्या पारदर्शक नळीत बसलं होतं आणि त्यातून ऊन फुटत होतं. वारा नव्हता. दूर कुठंतरी एक फांदी मोडली आणि तो आवाज पेला पडावा तसा खणखणत आला. आणि घराच्या छतावर, त्या गवतावर, हरणं होती. आठ-दहा असतील. वादळात रानातून उतरून इथं आली असावीत. काही पाय मुडपून बसली होती, काही खुरानं बर्फ उकरून खालचं गवत खात होती. त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती.

उपासनानं वडिलांच्या बाहीला हात लावला. दादारावांनी मनातल्या मनात खोल्या मोजल्या. ते बसलेलं मोठं हरीण आन्याच्या खोलीवर होतं. पुढची दोन स्वयंपाकघरावर. आणि सगळ्यात जवळचं, पोटानं जड, कान हलवणारं, ते नेमकं त्यांच्या पलंगावर उभं होतं. मध्ये फक्त हातभर माती आणि लेकीनं घातलेलं छत. रात्री ती वर निजली होती आणि खाली हे निजले होते.

"भार चालतो ना यांचा?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"यांच्यासारखे शंभर चालतात," उपासना तितक्याच हळू म्हणाली.

त्या जवळच्या हरिणीनं मान वर केली, दोघांकडे पाहिलं, थोडा वेळ पाहतच राहिली. मग तिनं पुन्हा मान खाली घातली आणि बर्फ उकरायला लागली. खुराचा तो मऊ, ठक्-ठक् आवाज थंड हवेत स्वच्छ ऐकू येत होता. दादाराव आणि उपासना जागचे हलले नाहीत. कळप आपण होऊन उठला आणि एकेक करून अक्रोडांमधून वर निघून गेला, तोवर दोघं तिथंच उभे होते.